काचेवरचा चंद्र

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. उखाण्यात घ्यावं लागतं तेवढं पुरे. म्हणून इथेही मी 'हे' असंच म्हणणार आहे. हे कल्याणला रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायला होते. आम्ही राहायचो ठाण्याला, टेंभी नाक्याच्या अलीकडे, एका कौलारू घराच्या मागच्या अर्ध्या भागात. घरात हे, मी आणि सासूबाई. आणि लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आलेला कॅमेरा. तोही घरातलाच एक म्हणायला हरकत नाही, कारण त्याच्यावरून आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्यावरूनही झाली नसतील.

कॅमेरा यांनी मुंबईत जुना घेतला होता. लाकडी पेटी, पुढे भिंग, मध्ये कातड्याचा भाता, खाली तीन पायांची तिवई. औषध लावलेल्या काचा खोक्यातून यायच्या आणि त्यांना अंधाराबाहेर काढलं की त्या फुकट जायच्या. म्हणून घरातली लोणच्याच्या बरण्यांची खोली यांनी मागून घेतली, तिची खिडकी काळ्या कापडाने बुजवली आणि आत तांबड्या काचेचा एक कंदील टांगला. बरण्या स्वयंपाकघरात आल्या. स्वयंपाकघर आधीच केवढंसं, त्यात सासूबाईंना येता-जाता बरण्यांची ठेच लागायची, आणि प्रत्येक ठेचेला त्या कॅमेऱ्याचा उद्धार करायच्या.

पहिली तसबीर काढली ती घरमालकांच्या वडिलांची. म्हातारबाबा पगडी घालून, अंगरखा चढवून, श्वास रोखून बसले होते. तसबीर छान आली. तीन आठवड्यांनी म्हातारबाबा गेले. ते ऐंशीच्या घरात होते आणि वर्षभर खोकत होते हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. पण आळीने खोकल्याला सोडून दिलं आणि पेटीला धरलं. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं, "या घरात माणसाची तसबीर काढायची नाही. आयुष्य ओढून घेते ती."

हे वाद घालणाऱ्यातले नव्हते. शांतपणे म्हणाले, "बरं. मग आभाळाची काढतो. त्याचं आयुष्य कमी झालं तर कुणी विचारायला यायचं नाही."

मला वाटलं, थट्टा आहे. पण त्या रविवारी यांनी तिवई खरोखरच परसात विहिरीशेजारी नेऊन उभी केली आणि भिंग वर केलं. येऊरच्या डोंगरावरून ढग चढत होते. त्यांची एक काच झाली, मग दुसरी, आणि मग आमच्या घरात आभाळाशिवाय दुसरा विषय राहिला नाही. लोक अजून यायचे, जरा चांगलं धोतर नेसून. आमची एक काढा की, म्हणायचे. हे त्यांना चहा पाजायचे आणि काल काढलेला ढग दाखवायचे. लोक चहा पिऊन जायचे. पुन्हा सहसा यायचे नाहीत.

काचा धुवायला पाणी फार लागे, आणि ते विहिरीतून मी काढत असे. "स्वतःच्या अंघोळीला एक घागर आणि ढगाच्या अंघोळीला चार," सासूबाई म्हणायच्या. मीही सुरुवातीला चिडायचे. पण पाणी ओतता ओतता काचेकडे बघायची सवय लागली. ढग काचेवर काळे यायचे आणि आभाळ पांढरट. उजेड जिथे जास्त पडतो तिथे काच काळी होते, असं यांनी मला सांगितलं होतं. मग ती काच कागदावर ठेवून उन्हात धरली की सगळं पुन्हा सुलटं. मला हे दोनदा सांगावं लागलं नाही. हस्ताच्या पावसात यांनी तिन्हीसांजेला भिंग उघडं ठेवून वीज धरली, तेव्हा कुठल्या बाजूला चमकते आहे ते मागच्या पायरीवर उभी राहून मीच सांगत होते. पारसिकच्या डोंगरावर ती कडाडली आणि हे आनंदाने ओरडले, "धरली ग, धरली!" काचेवर ती काळी होती, झाडाच्या मुळासारखी फुटलेली. तेव्हा मी घाबरले नाही. खूश झाले होते. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे.

मला दिवस गेले ते तिसऱ्यांदा. आधीचे दोन्ही गर्भ तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच गेले होते. नात्यातल्या बायका यांच्या दुसऱ्या लग्नाचं सासूबाईंच्या कानावर घालू लागल्या होत्या, आणि तेही मला ऐकू जाईल अशा बेताने. सासूबाई हो म्हणायच्या नाहीत आणि नाहीही म्हणायच्या नाहीत. त्यामुळे या खेपेला पाचवा महिना लागला तेव्हा मी पाऊल टाकतानासुद्धा विचार करत होते. मूल हवं होतं हे तर झालंच. त्याशिवाय आपलं अंग आपल्यालाच फसवत नाही, एवढं मला एकदा बघायचं होतं.

त्याच सुमारास रेल्वेचा कुणी साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याने सामान विकायला काढलं. त्यातून यांनी पितळेची एक दुर्बीण आणली. सुताराकडून एक खोका करून घेतला आणि दुर्बिणीच्या मागे कॅमेरा बसवला. आता चंद्र काढायचा. पण तो श्रावण होता. चंद्र नुसता पंचांगात उगवत होता.

संकष्टीच्या रात्री सासूबाई चंद्रोदयाची वेळ धरून परसात उभ्या राहिल्या, हातात अर्घ्याची पळी आणि फुलं. अर्धी घटका ढगच. मग येऊरकडून वारा आला, ढग फाटले आणि चंद्र वर निघाला. सासूबाई पुढे झाल्या तोच हे म्हणाले, "आई, जरा डावीकडे सर."

"अरे मी त्याला पाणी देते आहे आणि तू त्याला पेटीत घालतोस!"

"तू दे पाणी. तो दोन्ही करील."

मी हसून हसून खांबाला टेकले होते. दोघांचंही काम एकदमच उरकलं आणि लगेच ढग मिटले. सासूबाई जेवायला बसल्या. हे काच घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले. मी सासूबाईंना वाढून आवराआवर करत होते, तेवढ्यात आतून हाक आली, "अगं, लवकर ये, चंद्र बघ!"

मी पदराला हात पुसत आत गेले. आत तांबडा कंदील. त्या उजेडात तांबडी दिसणारी काच यांनी माझ्यापुढे धरली. तिच्यावर मधोमध पावलीएवढं एक काळंकुट्ट वाटोळं होतं.

 माझे हात आपोआप पोटावर गेले.

"काय ग?"

"ग्रहण," मी म्हटलं.

"कसलं ग्रहण? हे उलटं असतं. तुला ठाऊक आहे की."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काही नाही."

हे आधी हसले. मग कंदील उचलून त्यांनी माझं तोंड बघितलं आणि हसायचे थांबले. गरोदर बाईने ग्रहण बघू नये हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. ग्रहणात तिने चिरू नये, शिवू नये, काही दुमडू नये, आणि काळवंडलेल्या चंद्राकडे तर डोळा वर करू नये, नाहीतर पोटातल्या जिवाला बाधतं. मला काचेचं सगळं शास्त्र माहीत होतं. काळी वीज बघून मी टाळ्या वाजवल्या होत्या. तरी त्या क्षणी ते शास्त्र कुठे गेलं, मला सांगता येणार नाही. माणसाला एखादी गोष्ट माहीत असते ती डोक्यात, आणि भीती बसते ती दुसरीकडेच कुठेतरी. त्या दोघींची गाठभेट क्वचितच होत असावी. मी अडाणी होते म्हणून घाबरले असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. मी दोनदा गमावलं होतं म्हणून घाबरले.

"तू जे बघितलंस तो काळा नाहीच," हे म्हणाले. "कागदावर उतरवला की पांढरा दिसेल. उद्याच उतरवून दाखवतो."

पण कागदावर उतरवायला ऊन लागतं. काच आणि औषध लावलेला कागद एका चौकटीत घट्ट बसवून उन्हात ठेवायचे, की उजेड काचेतून जाऊन कागद काळा करतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून जी झड लागली ती सुटेना. चंद्र पांढरा व्हायला सूर्य हवा, आणि सूर्याचा पत्ता नाही. हे रोज सकाळी गाडीला जायच्या आधी चौकट भरून, काळ्या कापडात गुंडाळून माझ्याकडे देत. "ऊन आलं तर पायरीवर ठेव. चौकटीच्या अर्ध्या पाठीची खिटी उघडून कागद मधून मधून बघ. कागद पुरेसा काळा झाला की झाकून टाक." संध्याकाळी येऊन आधी माझ्याकडे बघत. मी मान हलवायची. हे कापड सोडून कागद बाजूला ठेवून देत.

सासूबाईंना मी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी ग्रहणाची शांती केली असती, उपास लावले असते, आणि मग ते खरं झालं असतं. आजवर जे दोघांत होतं ते तिघांत गेलं असतं. मला जेवण जाईना. रात्री कूस बदलली की आत हालचाल होते का ते बघत पडायची, आणि झाली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

पिठोरी अमावास्येला दुपारी, सासूबाई पुरण वाटत असताना, परसातल्या केळीच्या पानांवर एकदम लख्ख ऊन पडलं. मी चौकट घेऊन धावलेच. पायरीवर ठेवली आणि शेजारी बसून राहिले. थोड्या वेळाने पाठ अर्धी उघडून बघितलं. कागद कोरा होता तो किंचित तपकिरी झाला होता. पुन्हा झाकला. पुन्हा बघितलं. आणि मग मला दिसलं की चंद्राला काहीच होत नव्हतं. तो होता तसाच होता, कागदाच्या मूळ रंगाचा. त्याच्या भोवतीचं आभाळ काळं होत चाललं होतं, आणि ते जसजसं काळं होत होतं तसतसा तो उजळ दिसायला लागला होता. त्याच्यावरचे डागसुद्धा आले, सशाचे कान आले. तो कधी काळा नव्हताच, असं हे मला इतके दिवस सांगत होते. पण ते माझ्या डोळ्यांदेखत, उन्हात, एक एक छटा चढत झालं तेव्हा ते माझ्यापर्यंत पोचलं. मी मोठ्याने हसायला लागले.

सासूबाई बाहेर आल्या. "काय झालं ग हसायला?"

"चंद्र निघाला, सासूबाई."

"अमावास्येला?" त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि पुरणाकडे परत गेल्या.

त्या संध्याकाळी मी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. पिठोरीला आई पाठीमागे वाण धरून "अतीत कोण?" म्हणते आणि मूल "मी" म्हणून ते घेतं. सासूबाईंनी यांना तसं विचारलं आणि हे, एवढे मोठे मिशांचे, "मी" म्हणाले. "पुढच्या वर्षी हिने विचारायचं," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याकडून मला मिळालेलं तेवढं गोड वाक्य दुसरं नाही.

बाळंतपणाला मी माहेरी, कल्याणला गेले. मार्गशीर्षात मुलगा झाला. पुऱ्या दिवसांचा, धडधाकट दिसणारा. सकाळी झाला आणि दुपारी गेला. का गेला हे सुईणीला सांगता आलं नाही, वैद्यांनाही नाही. हे त्या दिवशी साहेबाबरोबर लायनीवर गेले होते. दिवेलागणीला कल्याणला परतले तेव्हा निरोप मिळाला, आणि आमच्याकडे आले तेव्हा घरच्या माणसांनी बाळाला नेऊन पोचवलंही होतं. अशा तान्ह्याला घरात ठेवत नाहीत. हे खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"तू कशी आहेस?"

"बरी आहे."

आणखी काही विचारतील म्हणून मी वाट बघत राहिले. हे वळले आणि शेवटच्या गाडीने ठाण्याला गेले. मला राग आला. त्या वेळी दुःखापेक्षा रागच जास्त आला, कारण राग कुणावर तरी करता येतो.

सव्वा महिन्याने मी ठाण्याला आले. स्वयंपाकघर मोकळं मोकळं दिसलं. बघते तर बरण्या त्यांच्या जुन्या खोलीत परत गेल्या होत्या. खिडकीचं काळं कापड निघालं होतं. कॅमेरा माळ्यावर, दुर्बीण विकलेली. काचांची खोकी कुठेच नव्हती.

"खाडीत सोडल्या त्याने," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या. एका रविवारी डोक्यावर घेऊन गेला, गणपती नेतात तसा. मला वाटलं, तूच सांगितलंस."

ढग, येऊरचे आणि पारसिकचे, ती वीज, सगळं गेलं होतं. माझ्या हातच्या किती घागरी त्यांच्यावर ओतलेल्या. रात्री मी यांना विचारलं.

"लोणच्याला जागा लागत होती," हे म्हणाले.

"लोणचं दोन वर्षं स्वयंपाकघरात होतं. तुम्हीच सांगितलं होतंत ना, उलटं असतं म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मग काही नाही."

ते माझेच शब्द होते.  जो माणूस मला हसला होता, ज्याने रोज सकाळी माझ्यासाठी चौकट भरली होती, तो माणूस एकटाच ठाण्याला बसून त्या काळ्या वाटोळ्याकडे बघत राहिला होता. माझी भीती उन्हाने घालवली. यांची घालवायला काही उरलंच नव्हतं, कारण मूल गेलं होतं आणि काच यांनीच माझ्यापुढे धरली होती.

"तो चंद्रामुळे गेला नाही," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला कसं ठाऊक?"

नकाशात एक रेघ केसभर सरकली तरी ज्यांना चालत नसे, त्यांनी मला हे विचारलं. खरंच मला काय ठाऊक होतं? वैद्यांना नव्हतं. तो विषय आमच्यात तिथेच बंद झाला.

त्यानंतर दोन पावसाळे आले नि गेले. हे आभाळाकडे बघेनासे झाले. पाऊस आला की छत्री उघडायची, थांबला की मिटायची. हस्ताची वीज पारसिकवर कडाडली तर हे उठून दार लावून घेत. मी मागच्या पायरीवर एकटी उभी राहून बघायची. कुणाला दिशा सांगायची नसली की बघण्यात अर्धी गंमत जाते.

मग मला पुन्हा दिवस गेले. आणि सासूबाईंच्या वरताण असे हेच पाळायला लागले. पंचांग आणून त्यातली वर्षाची ग्रहणं शोधून ठेवली. हिवाळ्यात एक चंद्रग्रहण होतं, तेही ग्रस्तोदित, म्हणजे चंद्र उगवायचा तोच काळवंडलेला. मला तेव्हा सहावा महिना होता. त्या दिवशी हे कचेरीतून लवकर आले. मधल्या खोलीत मला बसवलं. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. कौलातून उजेडाचा एक ठिपका यायचा तिथे सूप बांधलं. "अरे, मी केलं आहे सगळं, तू बस जरा," असं सासूबाईंनाच म्हणावं लागलं. त्या देवघरात माळ घेऊन बसल्या. हे माझ्या खोलीच्या उंबऱ्यात, माझ्याकडे पाठ करून, राखण केल्यासारखे बसले.

बाहेर रस्त्यावर "दे दान, सुटे गिऱ्हाण" चालू झालं. मी यांच्या पाठीकडे बघत होते. खांदे वर चढून कानांना लागायला आले होते. मला एकदम संताप आला.

"मी बसले आहे ते ठीक आहे. तुम्ही का आत बसलात? तुम्हाला थोडेच दिवस गेलेत?"

एरवी हे हसले असते. मान वळवलीसुद्धा नाही.

तेव्हा मला पुढचं सगळं दिसलं. हे मूल जगलं तर ते चिंध्यांमुळे जगलं असं होणार. नाही जगलं तर कुठली तरी फट बुजवायची राहिली म्हणून गेलं असं होणार, आणि ती फट हे जन्मभर शोधत बसणार. काहीही झालं तरी हा माणूस उंबऱ्यातून उठणार नव्हता. मला भीती वाटत नव्हती असं नाही.  पण मी उठले.

"कुठे?"

"परसात."

यांनी माझं मनगट धरलं. "तुला माझी शपथ आहे."

"तुमची शपथ मोडली तर काय होतं तेही आज बघून घेऊ," मी म्हटलं, आणि चालू लागले. मनगट सुटलं नाही. यांना माझ्यामागे यावं लागलं. देवघरावरून गेलो तेव्हा माळ क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. सासूबाईंनी बघितलं की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

विहिरीच्या बाजूला, पारसिकच्या डोंगरावर तो आला होता. मी वर बघितलं. हे जमिनीकडे बघत होते, मनगट अजून घट्ट धरून.

"काळा नाहीये," मी म्हटलं. "ऐकता का? तांबडा आहे. भाजलेल्या विटेसारखा. आणि गोल दिसतोय चांगला, चेंडूसारखा. एरवी एवढा गोल वाटत नाही."

 पोटात बाळाने लाथ मारली. मी यांचा हात मनगटावरून काढला आणि तिथे नेऊन ठेवला. किती वेळ गेला मला माहीत नाही. गार वारा सुटला होता.

"कडा दिसते का?" अगदी हळू आवाजात यांनी विचारलं.

"कसली कडा?"

"उजेडाची. सुटायला लागला की एका बाजूला बारीक कडा येते. कुठल्या बाजूला आहे?"

"मला नाही कळत त्यातलं. तुम्हीच बघा."

यांनी वर बघितलं. मग खाली घातली नाही मान, ग्रहण पुरतं सुटेपर्यंत. मध्ये एकदा पदर नीट घे, गारठा आहे, एवढंच म्हणाले.

मुलगी झाली. ती फाल्गुन संपता संपता, कल्याणलाच. या खेपेला हे कचेरीतून तडक आले. सोयर असल्यामुळे आत यायचं नव्हतं, म्हणून माझ्या आईने बाळ उंबऱ्याशी नेलं आणि दिवा जवळ धरला. मी बाजेवरून बघत होते. यांनी ओठ बघितले, कान बघितले, आईला दुपटं सोडायला लावून हातापायांची बोटं बघितली. सगळं जिथल्या तिथे होतं. मुलगी जांभई देऊन पुन्हा झोपली. मला वाटलं, आता हसतील.

यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तो कसा होता ग दिसायला?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. यांनी त्याला बघितलं नव्हतं. इतक्या दिवसांत मला एकाही माणसाने त्याच्याबद्दल काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नव्हतं. मी उठून बसले.

केस दाट होते, म्हटलं, मानेवर उतरलेले. नाक तुमच्यावर गेलं होतं. एका कानाची पाळी जरा दुमडलेली होती, ती मी बोटाने सरळ करत होते. रडला एकदाच, पण चांगला मोठ्याने. उजवी मूठ त्याने घट्ट मिटली होती, ती मी एकेक बोट सोडवून बघितली. माझ्याकडे बघितलं त्याने, खरंच बघितलं, आई म्हणते एवढ्या लहान मुलांना दिसत नाही, पण मला माहीत आहे. आई मुलीला घेऊन आत आली, तिने दिवा कोनाड्यात ठेवला, तरी हे तिथेच उभे होते, आणि मी सांगतच होते.